वावधन म्हणजे चक्रीवादळ का? समुद्र नसताना विदर्भात चक्रीवादळ येतं कसं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही रत्नागिरीकडचे, बहीण वऱ्हाडात दिलेली. मे महिन्यात तिचा फोन आला, "दादा, वावधनात गोठ्यावरची टिनं गेली." दुसऱ्या दिवशी बातमी पाहिली तर "विदर्भाला चक्रीवादळाचा तडाखा". म्हणून तुम्ही विचारताय की वावधन म्हणजे कोकणातलं चक्रीवादळच का, आणि समुद्र नसताना ते विदर्भापर्यंत पोचतं कसं.

वावधन म्हणजे चक्रीवादळ नाही, ते उन्हाळी ढगातून कोसळणारं पंधरा-वीस मिनिटांचं जोराचं वारं. तुमच्या बहिणीचा शब्द बरोबर आहे, बातमीतला चुकीचा आहे. मी अमरावती जिल्ह्यातला, मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातला. घरी बाग आहे, थोडी कपाशी-तूर आहे, आणि याच एका शब्दाच्या घोळापायी माझ्या बाबांनी महिना-दीड महिना हेलपाटे घातलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वावटळीचं सांगतो, कारण सगळा गोंधळ 'गोल फिरणारं वारं' इथून सुरू होतो. चैत्र-वैशाखात उन्हाळवाही केलेली वावरं तापून निघतात. काळी माती, वर गवताची काडी नाही. दुपारी बारा-एकच्या सुमारास धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली बसलं की समोरच्या वावरात धूळ एका जागी गरगरायला लागते. आधी गुडघाभर, मग पुरुषभर, मग बघता बघता ताडाएवढी. घरी आम्ही तिला वावटळही म्हणतो आणि नुसतं 'भवरा'ही म्हणतो.

मी आठवीत असतानाची गोष्ट. आईने अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. भवरा नाल्याकडून आला. वखरलेल्या वावरातून, मग पऱ्हाट्यांच्या ढिगावरून. बोंडांत उरलेला कापूस, पळसाची वाळकी पानं, खताच्या पोत्याचा एक निळा धागा, सगळं त्याच्यात फिरताना दिसत होतं. अंगणात शिरला आणि लुगडं चारही कोपऱ्यांनी उचललं गेलं. कुरडया जमिनीवर सांडल्या, लुगडं मात्र गोल गोल फिरत शेजारच्या कवेलूच्या छपरावर जाऊन बसलं. दहा पावलांवर आजी सुपात तूर पाखडत होती. तिच्या सुपातलं फोलपटही हललं नाही. आजी तिथूनच ओरडली, "पोट्टेहो, भवऱ्यात पाय टाकू नोका, भूत असते त्याच्यात!" आम्ही सगळे त्या दिशेने थू थू करून थुंकलो. तशी रीतच होती.

आजीने भूत म्हटलं, पण तिचं पाहणं पक्कं होतं. भवरा ऐन दुपारीच येतो, आभाळ स्वच्छ असतानाच येतो, रिकाम्या तापलेल्या वावरातच येतो, आणि दोन-चार मिनिटांत विरून जातो. ही सगळी लक्षणं वावटळीच्या कारणाशी तंतोतंत जुळतात. वरच्या हवेपेक्षा जमीन कितीतरी जास्त तापते. जमिनीलगतची गरम हवा हलकी होऊन झपकन वर उठते, तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी हवा धावते, आणि धावताना तिला थोडा जरी पीळ असला तरी आत येता येता तो वाढत जातो. फुगडी खेळताना दोघी जवळ ओढल्या की गिरकी कशी जोर धरते, तसंच. म्हणून वावटळीला ढग लागत नाही. ती जमिनीतून वर जाते, आभाळातून खाली येत नाही. उजवीकडून फिरेल की डावीकडून, हेही ठरलेलं नसतं. मी मोबाइलवर चित्रण करून पाहिलंय, एकाच दुपारी दोन भवरे उलटसुलट फिरताना सापडलेत.

लहानपणी मला वाटायचं, वावरात येते म्हणून ती वावटळ. तसं नाही. यातला 'वाव' म्हणजे वारा. संस्कृतातल्या वात-वायूच्या घरातला हा जुना शब्द आता सुटा फारसा ऐकू येत नाही, पण जोडशब्दांत टिकून आहे. वाऱ्यावर उडते ती वावडी, म्हणजे पतंग. वाऱ्याने आत मारलेली पावसाची झड ती वावझड. गुजरातीत वावटळीला वंटोळ आणि मोठ्या वादळाला वावाझोडुं म्हणतात, त्यातही हाच 'वा' ऐकू येतो. आणि वावधन किंवा वावधान यातलाही तोच. माझ्या गावात 'वारा-वावधन' असा जोडच बोलतात. "वारं-वावधन सुटायच्या आधी कुटार आत घ्या" हे वाक्य मी दरवर्षी ऐकत मोठा झालो.

विदर्भ चारी बाजूंनी वेगवेगळ्या भाषांना भिडलेला आहे, त्यामुळे वाऱ्याचे शब्दही सरमिसळ. आमच्याकडून मध्य प्रदेशातलं मुलताई-पांढुर्णा जवळ, शिवाय १९५६ पर्यंत आम्ही नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच होतो. म्हणून आंधी आणि अंधड हे शब्द आमच्या मराठीत सहज बसतात. दोन्हींत अंधार आहे, धुळीने दिवस काळवंडतो म्हणून. गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगडीत वावटळीला बडोरा म्हणतात. खाली सिरोंच्याकडे तेलुगू सुरू होते, तिथे सुडिगाली. सुडि म्हणजे भोवरा, गाली म्हणजे वारा. म्हणजे आमच्या भवऱ्याचीच बहीण.

आता वावधन. ते वावटळीसारखं खेळकर नसतं.

आमच्या गावात एक वावधन 'पिंपळाचं वावधन' म्हणून ओळखलं जातं, कारण त्यात मारुतीच्या पारावरचा पिंपळ गेला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. सकाळपासून पान हलत नव्हतं, अंगाला नुसता चिकचिकाट. चारच्या सुमारास पश्चिमेला ढग उभा राहिला. आडवा पसरलेला नाही, उभा, वर फुलकोबीसारखा फुगलेला आणि खाली शाईसारखा. बाबांनी बैल सोडले आणि म्हणाले, "आता थंड वारं आलं की पळा." मी विचारलं, थंड काहून? ते म्हणाले, "थंड आलं म्हणजे ते वरतून पडलेलं असते." आणि खरंच, पावसाच्या आधी पाच-सात मिनिटं गार वाऱ्याची भिंतच्या भिंत आली. पुढे धूळ, मागे वारा, त्याच्या मागे टपोरे थेंब. गोठ्यावरची टिनं आधी थरथरली, मग एकेक खिळा सुटल्याचा टणटण आवाज, मग एक टिन पानासारखं उलटून धुऱ्यापलीकडे गेलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत. ओल्या मातीचा वास, आणि पारावर पिंपळ आडवा.

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, लिंबाएवढी फळं झाडाखाली हिरवी चादर अंथरल्यासारखी पडलेली. अकरा झाडं मुळासकट पडली होती आणि अकराही झाडांचे शेंडे पूर्वेकडे होते. एकही दुसऱ्या दिशेला नाही. पिंपळही पूर्वेकडेच पडला होता. ही खूण तुमच्या बहिणीला जरूर सांगा. गरगर फिरणारं वारं अंगावरून गेलं असतं तर एक झाड इकडे, एक तिकडे असं पडलं असतं. सगळी झाडं एका अंगाला झोपलेली असतील, तर ते ढगातून पडून पसरलेलं वारं असतं.

बाबा जे बोलले तेच त्याचं कारण. तापलेल्या हवेतून उंच ढग तयार होतो. त्यातला पाऊस पडता पडता कोरड्या हवेत बराच विरतो आणि त्यामुळे तिथली हवा गार, जड होऊन खाली कोसळते. जमिनीवर आपटली की पुढे पसरते, पाण्याची बादली ओसरीवर उपडी केल्यासारखी. म्हणून वारा आधी आणि पाऊस मागून. नागपूरच्या हवामान केंद्राच्या इशाऱ्यात "मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वादळी वारा" असं येतं, ते हेच. बंगालात याच जातीच्या उन्हाळी वादळाला कालबैसाखी म्हणतात. वैशाखातलं काळं संकट. त्यांनी आपला शब्द बातमीतही जपलाय. आम्हाला मात्र वावधन छापायची लाज का वाटावी, हे मला आजवर कळलेलं नाही.

चक्रीवादळ ही तिसरीच गोष्ट, आणि ती तुम्ही कोकणातले म्हणून माझ्यापेक्षा जवळून पाहिलीय. २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान, ३ जून २०२० चं निसर्ग. त्याला समुद्र हवा, तोही साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम. पाण्याची वाफ हेच त्याचं इंधन. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला पीळ बसतो, म्हणून आपल्या गोलार्धात ते नेहमी घड्याळाच्या काट्याच्या उलटं फिरतं. आमच्या भवऱ्यासारखं मर्जीने नाही. आकार शेकडो किलोमीटर, आयुष्य दिवसांचं. आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचल्यावरच चक्रीवादळ म्हणतात आणि मगच त्याला नाव मिळतं. ३१ ते ४९ असेल तर तो नुसता कमी दाबाचा तीव्र पट्टा, ज्याला आमच्याकडे सगळे 'डिप्रेशन' म्हणतात.

शब्दाचा इतिहास तुम्हाला आवडेल. 'सायक्लोन' हा शब्द युरोपातल्या कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही, आपल्या कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाचा जुना खलाशी तिथल्या सागरी न्यायालयाचं काम पाहायचा. बंगालच्या उपसागरातल्या वादळांत सापडलेल्या जहाजांच्या नोंदी त्याने गोळा केल्या आणि वारा वेटोळं घालतो हे ओळखून ग्रीक भाषेतून शब्द घडवला. मनात सापाचं वेटोळं होतं. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने तो मांडला. आपलं चक्रीवादळ त्याच अर्थाने घडवलेला शब्द आहे. तेच वादळ अटलांटिकवर हरिकेन होतं, तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. चीन-जपानकडे ते टायफून, आणि त्यात आपल्या ओळखीचं अरबी-फारसी तुफान मिसळलेलं आहे. अरबीत तुफान म्हणजे आधी महापूर, नूहच्या काळचा. आमच्या तोंडी तो वारा, गर्दी आणि मारामारी सगळ्यालाच लागतो.

आणि शब्द असे घसरतात हे फक्त आमच्याकडेच घडतं असं नाही. ऑस्ट्रेलियात धुळीच्या भवऱ्याला विली-विली म्हणतात. पूर्वी त्या देशाच्या वायव्य किनाऱ्यावर हाच शब्द समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळाला वापरायचे. एकाच शब्दात अंगणातलं लुगडं उडवणारं आणि गलबतं बुडवणारं, दोन्ही राहून गेली. आपल्या भागात तर आता उलटा प्रवास आहे. भारताने चक्रीवादळांसाठी सुचवलेल्या नावांत प्रभंजन आहे, घूर्णीही आहे. घूर्णी म्हणजे बंगालीत गरगर, भोवरा. कधीतरी उपसागरातल्या राक्षसाला भवऱ्याचं नाव मिळेल.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. विदर्भात चक्रीवादळ येतं का? चक्रीवादळ म्हणून नाही. किनारा ओलांडला की वाफ तुटते, डोंगर-झाडांत वारा अडखळतो आणि ते झपाट्याने मंदावतं. पण त्याचं उरलेलं पाणी आमच्यापर्यंत येतं. २०२१ चं गुलाब आठवा. २६ सप्टेंबरला ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. पुढचे दोन दिवस त्याचा उरलेला पट्टा विदर्भ-मराठवाड्यावरून पश्चिमेला सरकला. सोयाबीन सवंगणीला आलेली, काहींची कापून वावरात पडलेली. वारा फारसा नव्हताच, नुसता पाऊस, थांबेचना. शेंगांना वावरातच कोंब फुटले. तोच पट्टा गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, गरम पाणी मिळताच पुन्हा उभा राहिला, शाहीन नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळला. म्हणजे खऱ्या चक्रीवादळाचा उरलेला पट्टा आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा गावात कोणी त्याला वादळ म्हटलं नाही, 'झड लागली' म्हणाले. आणि मे महिन्यात पंधरा मिनिटांचं वावधन येतं तेव्हा बातमीत चक्रीवादळ छापून येतं.

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पिंपळाच्या वावधनानंतर बाबांनी नुकसानीचा अर्ज केला. अर्ज भरून देणाऱ्याने बातमी वाचलेली, त्याने कारणाच्या रकान्यात 'चक्रीवादळ' लिहिलं. बाबांनी सही केली. काही दिवसांनी एका कार्यालयातून कागद परत आला, की त्या तारखेला जिल्ह्यात चक्रीवादळाची नोंद नाही. आणि ते खरंच होतं, नोंद असणार कुठून? मग नवा अर्ज, पुन्हा जबाब, पुन्हा सातबारा. तोवर पडलेली फळं कुजली, झाडं तोडून बांधावर लागली, दाखवायला काही उरलं नाही. बाबा दुसऱ्यांदा तिथून आले ते पायरीवर बसून राहिले, पाणीसुद्धा मागितलं नाही. ते मी विसरलेलो नाही.

याचं मूळ कुठे आहे ते नंतर समजलं. आपत्ती मदतीसाठी केंद्र सरकारने केलेल्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, पूर आहे, ढगफुटी आहे. आमच्या वावधनाला तिथे स्वतःचा रकाना नाही. राज्याने आपल्या बाजूने अवेळी पाऊस आणि वीज पडणं यांची भर घातलीय. म्हणजे त्याच पंधरा मिनिटांत जे जे झालं, त्यातलं कागदावर चालणारं नेमकं कोणतं, ते शेतकऱ्याला माहीत असावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे. ज्या भागात दर उन्हाळ्यात सगळ्यात जास्त छपरं ज्या वाऱ्याने जातात, त्या वाऱ्याला सरकारी कागदावर नाव असायलाच हवं.

तेव्हा बहिणीला सांगा, अर्जात चक्रीवादळ लिहू देऊ नका. 'अवेळी पाऊस व वादळी वारा' लिहा, गारा पडल्या असतील तर 'गारपीट' वेगळी लिहा. तारखेबरोबर वेळही टाका. पडलेल्या झाडांचे फोटो काढताना मागे गोठा किंवा विहीर येऊ द्या म्हणजे दिशा आणि जागा दोन्ही दिसतात, आणि पंचनामा होईपर्यंत टिनं जिथे पडली तिथेच राहू द्या, उचलू नका. गोठा पुन्हा झाकताना नुसत्या खिळ्यांवर भरवसा नको. आम्ही आता 'जे' आकाराचे नटबोल्ट लावतो आणि पश्चिमेकडच्या कडेला तार ओढून ती जमिनीत गाडलेल्या दगडाला बांधतो, कारण आमच्याकडे उचल नेहमी त्याच कडेने सुरू होते. त्यानंतर दोन वावधनं येऊन गेली, टिनं जागेवर आहेत.